आधी नंबर, मग चहा

२ फेब्रुवारी

पोटासाठी घरदार सोडून परक्या मुलखात आलेल्या बांधवांनो, आपण सगळे नागवले गेलो आहोत, आणि चोर आपल्याच खिशात बसलेला आहे! आपल्या आईचा, बायकोचा, भावाचा, लेकराचा नंबर त्याने आपल्या डोक्यातून उचलून नेला आणि आपण साधी ओरडसुद्धा केली नाही!

हे भाषण आज दुपारी लॉन्ड्रीच्या मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात केलं. श्रोता एकच होता, मी. एके काळी कारखान्याच्या फाटकावर माझं भाषण सुरू झालं की आतली पाळी बाहेर यायची. आता वही आहे. वहीला टाळ्या वाजवता येत नाहीत, पण ती मध्येच उठूनही जात नाही.

झालं ते असं. सकाळी हॉस्पिटलच्या चादरी मशीनच्या ड्रममध्ये कोंबताना एप्रनच्या खिशातला माझा फोन त्यांच्याबरोबर आत गेला. लक्षात आलं तेव्हा ड्रम फिरायला लागला होता. कढत पाणी, जंतू मारायचं औषध आणि त्यात माझा फोन. काचेवर एकदा आपटलेला दिसला, मग नाही दिसला. सुपरवायझर बाईला हातवारे करून सांगितलं. तिने मान हलवली. मध्येच थांबवलं तर सगळा घाणा पुन्हा लावावा लागतो.

बाहेर आला तेव्हा फार स्वच्छ होता.

५ फेब्रुवारी

मामाने कुठूनसा जुना फोन मिळवून दिला. नवं सिम, नवा नंबर. खोलीत आम्ही सहा जण, सगळे आपलीच भाषा बोलणारे. त्यात मामा सगळ्यांत वडील. त्याला बहीण नाही, म्हणजे भाचा असायचा प्रश्नच नाही, तरी सगळी खोली त्याला मामा म्हणते. "बिनबहिणीचा मामा म्हणजे बिनबियांची पपई," असं तो स्वतःच सांगतो.

फोन सुरू झाला. आत कुणीही नाही. जुनी यादी परत मागितली तर फोन म्हणतो, तुमच्या नंबरवर पाठवलेला कोड टाका. कुठल्या नंबरवर? तर देश सोडताना होता त्या. त्याच्यात पैसे न भरल्याने तो केव्हाच बंद झालेला. म्हणजे माझ्या घराची किल्ली अशा माणसाच्या हाती दिली, जो माणूसच मी राहिलेलो नाही. वा रे सुधारणा!

बायकोचं नाव मी फोनमध्ये 'घर' असं घातलं होतं. 'घर' दाबायचं की घंटा वाजायची. खाली बारीक आकडे दिसायचे, ते कधी वाचले नाहीत. घराच्या विटा कोणी मोजत बसतं का?

तसंही गेल्या काही आठवड्यांत तिकडचं नेटवर्क पार बिघडलं होतं. घंटा वाजत राहायची आणि पलीकडे फोन पोचायचाच नाही.

६ फेब्रुवारी

मला काय काय पाठ आहे ते आज चादरी घडी करताना तपासलं. संपाच्या जाहीरनाम्यातल्या सगळ्या मागण्या, कलमांसकट. शाळेत वक्तृत्वात पहिला आलो ते भाषण. कवितांचा तर हिशेबच नाही. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याच्या जुन्या टेलिफोनचा नंबर, जो तारा काढून नेल्यावर कुणाचाच राहिला नाही.

बायकोचा नंबर नाही. भावाचा नाही. मुलीच्या शाळेचा नाही.

९ फेब्रुवारी

एक वाट सापडली!

बायकोने शिवणकाम सुरू केलं तेव्हा दारावर लावायचा फळा मीच रंगवून घेतला होता. 'कपडे शिवून व दुरुस्त करून मिळतील' ही ओळ माझी. रंगाऱ्याने अक्षरं एवढी ऐसपैस काढली की नंबराला जागा उरेना. पहिल्या चार जोड्या एका ओळीत बसल्या आणि शेवटची जोडी खाली कोपऱ्यात, दंगा केलेल्या पोराला वर्गाबाहेर उभं करावं तशी. त्यावरून मी रंगाऱ्याशी भांडलो होतो. ती हसत होती. म्हणाली, "राहू दे रे. गिऱ्हाईक वाकून वाचेल."

आज इस्त्रीच्या तापल्या रोलरमधून सुटणारी पांढरी चादर बघताना तो फळा समोर आला. वरच्या चार जोड्या स्वच्छ दिसल्या. खालची मात्र धुकट. इथले लोक आकडे तीन-तीनचे गट करून, एकेक सुटा म्हणतात. आपला आकडा जोडप्याने चालतो. एक गेला की दुसऱ्याला अर्थ राहत नाही.

संध्याकाळपर्यंत ओठांवर आलं, त्र्याहत्तर.

११ फेब्रुवारी

सुट्टी. लावला. वरच्या चार जोड्या आणि शेवटी त्र्याहत्तर.

दुसऱ्या घंटेला उचलला. बांगड्या वाजल्या, म्हणजे बाईमाणूस होतं, पण हॅलो म्हणाली नाही. मी म्हटलं, "मी बोलतोय! फोन गेला होता, नंबर बदललाय, सगळं सांगतो, आधी ऐक." आणि इतके दिवस साठलेलं सांगायला लागलो. पलीकडे नुसता श्वास. मागे कुणी मुलगी मोठ्याने कविता म्हणत होती. मग फोन बंद झाला. पुन्हा लावला, लागला नाही. त्यानंतर लागतच नाही.

चुकीचा नंबर. आमची मुलगी कविता म्हणायची खरी, पण अडखळत, दर ओळीला आईकडे बघत. ही फार सुरेख म्हणत होती.

१२ फेब्रुवारी

रडत बसणं हा माझा स्वभाव नाही. दुःख एकट्याचं असेल तर त्याला दुखणं म्हणतात, सगळ्यांचं असेल तर त्याची चळवळ होते.

सकाळी चहा उकळत असताना खोलीच्या मध्ये उभा राहिलो आणि विचारलं, "आपल्या घरच्या एका तरी माणसाचा नंबर कुणाला तोंडपाठ आहे? हात वर करा!"

एकही हात वर गेला नाही. पैलवानाने फक्त मान खाजवली. हा वरच्या खाटेवर झोपतो, खाट कुरकुरली की खालचा माणूस देवाचं नाव घेतो.

"बघा! ज्यांच्यासाठी आपण लोकांच्या रक्तामांसाच्या चादरी धुतो, त्यांना हाक मारायची तर आपल्याला यंत्राची परवानगी लागते. उद्या ते यंत्र गेलं की आपण अनाथ! मी ठराव मांडतो. आजपासून रोज सकाळी प्रत्येकाने घरचा एक नंबर न बघता म्हणायचा. म्हणेल त्याला चहा. न म्हणेल त्याला नाही. आधी नंबर, मग चहा!"

"पुढारी," मामा म्हणाला. खोलीत मला हेच नाव आहे. "हजारो माणसं एका हाकेला गोळा करायचास म्हणतोस, आणि आता एका बायकोला हाक पोचवता येईना होय रे?"

सगळे हसले. मीही हसलो. ठराव मात्र मंजूर झाला.

"आणि तुझं काय?" पैलवानाने विचारलं. "तुझा नंबर तर अर्धाच आहे."

"चार जोड्या आहेत."

"मग अर्धा कप."

२० फेब्रुवारी

चळवळ जोरात आहे. मामा मुलाचा नंबर भजनाच्या चालीवर म्हणतो. कोपऱ्यातले दोघे भाऊ एकमेकांना आईचा नंबर विचारतात आणि भांडतात, आई एकच असून. पैलवान मात्र हैराण. त्याला बहिणीचा नंबर हवाय. ती याच देशात, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, एका म्हातारीची देखभाल करते. "आपल्याकडे होतो तेव्हा दोनशे जोर मोजायचो, एक चुकायचा नाही," म्हणतो. "इथे आल्यापासून आकडा डोक्यात ठरतच नाही रे. घसरतो. ओल्या फरशीवर पाय ठेवल्यासारखा."

त्याचं खरं आहे. माझा स्वतःचा नवा नंबर मला अजून येत नाही. दुकानात विचारला की मी आपल्या भाषेत जोडी आठवतो, मग तिचे दोन तुकडे करतो, मग ते इथल्या भाषेत म्हणतो, तोवर काउंटरवरची मुलगी मागच्या माणसाकडे वळलेली असते. नव्या मुलखात डोक्याला भिंतच नाही, जिथे खिळा ठोकून काही टांगावं. तिकडे प्रत्येक आकड्याच्या मागे एक दार होतं, एक फळा होता, एक भांडण होतं.

शेवटच्या फोनमध्ये तिने विचारलं होतं, "माझा नंबर पाठ आहे का रे तुला?" मी म्हटलं, यंत्र कशाला आहे? आणि मग माणसाची स्मृती आणि यंत्र यांच्या नात्यावर मी जे बोललो ते खरोखर लिहून ठेवण्यासारखं होतं. ती एक शब्द बोलली नाही, इतकी गुंग होऊन ऐकत होती. बोलून झाल्यावर हाक मारली तर मागे शिलाई मशीन चालू होतं. ऐकता ऐकता कामही उरकते. अशी बाई विरळा.

२७ फेब्रुवारी

त्र्याहत्तर सोडून बाकीच्या जोड्या एकेक करून लावतो आहे. रोज थोड्या. जेवणाच्या सुट्टीत बाकावर बसून.

आज एका म्हाताऱ्याने उचलला. मी म्हटलं, चुकून लागला. तो म्हणाला, "असू दे. कुठून बोलताय?" सांगितलं. "एवढ्या लांबून! जेवलात का?" मला पुढे बोलता येईना. माझ्यासारख्याला! एका बाईने शिव्या दिल्या. एका पोराने विचारलं, पिझ्झा कधी येणार. बरेच नंबर लागतच नाहीत. त्यांत तिचाही असू शकेल, नाही का?

मामा म्हणतो पत्र टाक. टाकलं आहे, मागच्या आठवड्यात. आठ पानी.

४ मार्च

आज रोलरने पैलवानाची बोटं पकडली. चादरीची घडी सरळ करायला गेला आणि हात आत. लाल बटण सुपरवायझर बाईनेच दाबलं. बोटं शाबूत आहेत, पण भाजली फार. त्याला गाडीत घालून नेलं, आम्हाला कुणालाही बरोबर येऊ दिलं नाही. माझा फोन धुतला गेल्यापासून मशीनपाशी फोन न्यायला बंदी आहे, म्हणजे त्याचा फोन कपाटात कुलुपात.

संध्याकाळी आम्ही हॉस्पिटलात पोचलो तर खाटेशी त्याची बहीण हजर! पैलवानाने नर्सला बहिणीचा नंबर न बघता सांगितला होता. नर्सला आपली भाषा येईना म्हणून एकेक बोट उभं करून दाखवला, चांगल्या हाताच्या बोटांनी.

बहीण त्याला झापत होती, "एवढा रेडा झालास तरी हात कुठे घालावा कळत नाही? आईला काय सांगू मी?" आणि तो रडत हसत होता.

मला पाहून म्हणाला, "पुढारी, पूर्ण म्हटला मी. एकदाही घसरलो नाही. आता दोन कप!"

चळवळ यशस्वी झाली. बाहेर जिन्यात मी भिंतीला टेकून बराच वेळ उभा होतो. ज्याला त्याला आपापलं माणूस मिळत होतं. विजयाच्या दिवशी पुढाऱ्याने एकटं असायचं असतं, असं मी कुठेतरी वाचलं आहे, किंवा मीच कधी बोललो असेन.

८ मार्च

उरलेल्या जोड्या खोलीत वाटून दिल्या. प्रत्येकाने काही लावायच्या. मामा म्हणाला, "मला त्या नकोत. सगळ्यांत आधी कुठला लावला होतास?"

"त्र्याहत्तर. तो बाद झाला."

"लिहून दे."

"अरे, परकी बाई आहे. कशाला त्रास?"

"लिहून दे म्हणतो ना."

दिला. तो फोन घेऊन जिन्यात गेला. मी पाणी भरायला निघालो तेव्हा तो खालच्या पायरीवर बसून बोलत होता. मान खाली. "हो ताई… हो… नाही, त्याला काहीच… तुमचंही बरोबर आहे… नाही ताई, मी नाही सांगत."

वर आला आणि म्हणाला, "राँग नंबर." मग माझ्या वाटणीची भांडी त्याने घासली. मी विचारलं, जिन्यात कुणाशी बोलत होतास? "घरच्यांशी," म्हणाला. बिनबहिणीच्या मामाला ताई कुठून आली कोण जाणे. मानलेली असेल. परदेशात माणूस काय काय मानून घेतो.

१५ मार्च

सगळ्या जोड्या संपल्या. यांत ती नाही. म्हणजे वरच्या चार जोड्यांतलीही एखादी चुकीची असणार. म्हणजे फळाच मला नीट दिसत नसणार. जे अगदी स्वच्छ दिसत होतं तेही खोटं.

चार जोड्यांमधली एक बदलली की हजारो नवे नंबर. दोन बदलल्या तर किती, ते गणित केलं आणि पेन खाली ठेवलं. दोन वर्षांत परत येतो म्हणून निघालो त्याला हे चौथं वर्ष. मुलगी सहावीत असेल. की सातवीत?

आज चहा घेतला नाही. म्हणण्यासारखं काही नव्हतं.

१९ मार्च

सुट्टी होती. बाकीचे बाजारात गेले. मामा राहिला. माझ्यासमोर खाटेवर बसला, आपल्या फोनवर नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

"कुणाचा?"

"त्र्याहत्तर."

"मामा, मी तुला दहा वेळा सांगितलं…"

"पुढारी, एक कर. उचलला तर बोलू नकोस. आजच्या दिवस तोंड मिटून ठेव. नुसतं ऐक."

आमच्या लग्नात आम्ही ठरवलं होतं, दोघांनी एकमेकांना 'तू'च म्हणायचं. नवरा 'तुम्ही' आणि बायको 'तू' हे चालणार नाही. मी त्यावर लग्नातच बोललो होतो, माझ्या सासऱ्यांनी मध्ये खोकून खोकून मला खाली बसवलं. हे इथे का लिहितो आहे ते पुढे कळेल.

घंटा वाजली. उचलला. मी बोललो नाही. पलीकडे शिलाई मशीन चाललं होतं. ते थोडा वेळ चाललं, मग थांबलं. मग कात्री खाली ठेवल्याचा आवाज. तो आवाज मी ओळखतो. टेबलाला काच आहे, ती नेहमी म्हणायची, एक दिवस तडकणार.

"मामांचा नंबर आहे, पण मामा नाहीत ना?" ती म्हणाली. "बोलत नाही तुम्ही? आज भाषण नाही?"

मी ऐकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्या बोलण्याच्या मधल्या जागा ऐकू आल्या.

"पत्र मिळालं. आठ पानं. त्यात मुलगी कशी आहे हे एकदाही विचारलेलं नाही. ती बरी आहे. शाळेत गेलीय. स्पर्धेत कविता म्हणून बक्षीस मिळवलंन्. तिला आवाज तुमच्याकडून आलाय, तेवढं कबूल."

मग पलीकडे आवाज झाला. कपडा ओढून सारखा केल्यासारखं काहीतरी.

"मी बदलला असता हा नंबर. पण फळ्यावर आहे, गिऱ्हाइकं यावर येतात. म्हणून चालू ठेवलाय, दुसरं काही कारण नाही. एवढी वर्षं तुम्हाला तो पाठ नव्हता. मामा म्हणाले आता झालाय."

"झाला ना पाठ?" तिने विचारलं. अगदी हळू, मुलीला अभ्यास विचारायची तसं. "आता विसरा."

मशीन पुन्हा सुरू झालं. फोन तिने लगेच ठेवला नाही, की विसरली कोण जाणे. शिवण मोठी असावी. मी शेवटपर्यंत ऐकली.

मामाने फोन माझ्या हातातून काढून घेतला.  

२४ मार्च

विसरणं मला जमत नाही. तो आता सगळीकडे आहे. रोलरच्या प्रत्येक फेऱ्यात एक जोडी. जिना चढताना पायरीला एक जोडी. इथल्या भाषेत म्हणून बघितला, सुटा केला, उलटा केला, दुकानात सामान मोजताना दुसरे आकडे मुद्दाम त्यावर ओतले. दुसरे घसरतात, हा राहतो. ज्या डोक्याला महिना महिना एक जोडी सापडत नव्हती, त्याला आता दहाही आकडे ठसठसतात.

सकाळी पैलवान, बोटांना पट्टी, गाळणी हातात घेऊन चहापाशी उभा राहिला. आज त्याची पाळी विचारायची. मामाने म्हटला. पैलवानाच्या खालच्या खाटेवाल्याने म्हटला. दोघा भावांनी म्हटला, आज भांडले नाहीत. मग तो माझ्याकडे वळला, त्याला काही माहीत नाही.

"चल पुढारी, सापडला का? पूर्ण म्हण, पूर्ण कप. आज साखर जास्त घातलीय तुझ्यासाठी."

मी तोंड उघडलं. दहाही आकडे जिभेवर ओळीने उभे होते, शेवटची जोडी खाली कोपऱ्यात. तोंड मिटलं.

"अरे, नाही आठवत तर नाही म्हण," पैलवान म्हणाला. "अर्धा देतो."

"दे रे त्याला," मामा खालच्या आवाजात म्हणाला.

पण नियम माझा आहे. ठराव मी मांडला, सगळ्यांनी हात वर केले होते. ज्याने दुसऱ्यांना नियम लावला त्याने स्वतःपुरती त्यात खिडकी काढायची नसते, हे मी उभ्या आयुष्यात हजार वेळा सांगितलं असेल. मी खोलीच्या मध्ये उभा राहिलो, त्या दिवशी राहिलो होतो तिथेच, आणि जे बोललो ते माझं सगळ्यांत लहान भाषण असावं.

बांधवांनो, तुमचे नंबर म्हणत राहा. फक्त उद्यापासून चहा पाच जणांचाच टाका.